आठव्या दिवसाचं पाणी

आमच्या आसुक्रोम गावात मूल जन्मलं की आठ दिवस त्याला पाहुणं समजतात. राहायचं की आल्या वाटेनं परत जायचं, हे त्याचं अजून ठरायचं असतं. आठव्या दिवशी पहाटे त्याला अंगणात आणायचं, चार लोकांसमोर नाव द्यायचं, आणि बापाच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यानं त्याच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवायचा, मग जिन दारूचा. "पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे. दारू म्हणशील तर ती दारूच असू दे." असं तीन तीनदा. एवढं झालं की मूल गावचं झालं आणि खरं बोलायला बांधलं गेलं. बाप्तिस्मा पास्टर नंतर देतातच, पण जिभेवर आधी हे.

माझ्या भाच्याच्या, बाफोरच्या मुलाला नाव द्यायचं होतं, त्या बुधवारची ही गोष्ट.

बाफोर माझ्या थोरल्या बहिणीचा. ती गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, पुढे माझ्याच हाताखाली वाढला. रविवारच्या शाळेत वचनं धडाधड पाठ म्हणायचा. आता आबेरेवा नदीच्या काठावर त्याचे सोन्याचे तीन खड्डे आहेत, अकरा पंप आहेत आणि परवाना एकही नाही. शिपाई येतात त्याच्या तासभर आधी तो कुठल्या तरी मयताला गेलेला असतो. शिपाई जातात आणि मयताहून तो परत येतो. "मावशी, एवढी माणसं कशी गं मरतात?" असं वर मलाच विचारतो.

आबेरेवा म्हणजे म्हातारी. आमची ही म्हातारी पूर्वी एवढी स्वच्छ होती की तळाचे खडे मोजावेत. आता खड्ड्यांच्या गाळानं ती दूध घातलेल्या चहासारखी वाहते. तालुक्याच्या पाणी केंद्रातला साहेब सभेला आला होता. तो म्हणाला, "पाण्यातला गाळ मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. पण तुमच्या नदीत बुडवलं की काटा शेवटाला जाऊन टेकतो आणि तिथेच बसतो." लोक हसले. साहेब नाही हसला. त्यानंतर आमचे नळ आठवड्यातून दोनदा यायचे, मग एकदा, मग नुसते खोकायचे.

राहिला एक झरा. तो माझ्या कोकोच्या बागेत आहे. दोन दगडांमधून येतो, मनगटाएवढी धार, पण चाळीस घरं त्याच्यावर जगतात. बाफोरला नेमकी तीच जागा खणायची होती. जमीन आमच्या आईच्या घराण्याची, सगळ्यांची. सगळ्यांनी कागदावर अंगठे देऊन टाकले होते. पण तिथे राहणारी मी, म्हणून माझाही हवा होता, आणि तेवढा एक राहिला होता.

"मावशी, तुझ्या झऱ्याखाली सोनं आहे. मी वाळू धुऊन पाहिलीय," असं म्हणून त्यानं कागद माझ्यापुढे ठेवला.

"आधी बाळाचं नाव होऊ दे," मी म्हणाले. "मग बघू."

मी हळू बोलते, त्यामुळे माझं 'नाही' लोकांना सहसा ऐकू येत नाही. बाफोरनं ते 'हो' समजून घेतलं आणि पोकलेन ठरवून टाकलं. नाव बुधवारी. गुरुवारी भूमातेचा विसावा, त्या दिवशी आमच्याकडे कुणी जमिनीला लोखंड लावत नाही. सरकारला न भिणारा बाफोरही गुरुवारला भितो. म्हणजे खणायला सुरुवात शुक्रवारी. मंगळवारी संध्याकाळीच माझ्या बागेच्या कडेला ते पिवळं धूड येऊन उभं राहिलं आणि झऱ्याभोवती लाल फीत बांधलेल्या खुंट्या ठोकल्या गेल्या.

मी रोज पहाटे देवाकडे एकच मागत होते. झरा राहू दे. आणि शक्य असेल तर मला भांडायला लावू नकोस.

बुधवारी पहाटे अंगण भरलं होतं. दोन मोठी पातेली शेंगदाण्याच्या सुपाची, कंद कुटून केलेल्या फुफूचे गोळे, तीन बकऱ्या कापलेल्या. बाफोरची बायको सेरवा पांढरं लुगडं नेसून बाळाला घेऊन बसली होती. नाव द्यायला बाफोरच्या वडिलांचे मोठे भाऊ नाना ड्वोमो आले होते. नानांचं वय नक्की कुणालाच माहीत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुसऱ्या डोळ्यातला काढलाय, पण नाना म्हणतात की काढणाऱ्यानं चुकून बुबुळच काढलं. आणि साठ वर्षं तपकीर ओढून नाक कामातून गेलेलं.

पाण्यावरून आदल्या दिवशीच वाद झाला होता. बाफोरनं कुमासी शहरातून पिशवीतल्या पाण्याचं खोकं आणलं होतं. नानांनी ते काठीनं बाजूला सारलं.

"हे कुणाचं पाणी? याला आई आहे का?"

"नाना, शुद्ध आहे. यंत्रातून काढलंय."

"मग यंत्राच्या मुलाला पाज. माझ्या घराण्यातल्या प्रत्येकाच्या जिभेला आबेरेवाचं पाणी लागलंय. तुझ्याही लागलंय. विसरलास, एवढंच."

म्हणून मग नदीचं पाणी आणलं. सेरवाच्या बहिणींनी ते रात्रभर मडक्यात निवळायला ठेवलं, तीन वेळा फडक्यातून गाळलं. तरी रंग काही उतरला नाही. फोडणीतला कांदा जरा जास्त परतला की होतो तसा तो रंग.

पूर्वी हे सगळं भोपळ्याच्या वाटीतून व्हायचं, आत काय आहे ते दिसायचंच नाही. पण बाफोरला पाहुण्यांसमोर थाट करायचा होता. त्यानं कुमासीहून काचेचे नक्षीदार पेले आणले होते. तबकात दोन पेले ठेवले. एकात स्वच्छ, चकाकणारं. दुसऱ्यात तांबूस, गढूळ.

नानांनी तबक डोळ्यांजवळ नेलं. दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. आणि जे कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच त्यांनी केलं. चकाकणारा पेला पाणी म्हणून उचलला.

मी प्रार्थनेला डोळे मिटले होते. बाकीच्यांनी काय मिटलं होतं देव जाणे.

"पाणी म्हणशील," नाना मोठ्यानं म्हणाले आणि बोट बुडवून बाळाच्या जिभेला लावलं, "तर ते पाणीच असू दे!"

बाळानं असा टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

"काय आवाज आहे!" कुणीतरी म्हणालं. "सरपंच होणार."

दुसरा थेंब, तिसरा थेंब. बाळ लालबुंद झालं. मग नानांनी गढूळ पेल्यात बोट बुडवलं.

"दारू म्हणशील, तर ती दारूच असू दे!"

बाळ लगेच गप्प झालं आणि ओठ चाटू लागलं. नाना खूश झाले. "बघा, बापावर गेलाय. दारूला कसा हसतो!"

पेल्यातलं उरलेलं आई-बापानं प्यायचं असतं. सेरवानं पाण्याचा पेला तोंडाला लावला, मोठा घोट घेतला, आणि तिचे डोळे बाहेर आले. ती खोकली, पुन्हा खोकली, मग पेला हुंगला.

"ही जिन आहे!"

शेजारची फोसुआ, मक्याची पेज विकते ती, जिच्या तोंडाला देवानं दार लावायचं राहून गेलंय, ती पहिल्यांदा बोलली.

"म्हणजे पोराला सांगितलं काय? की जिन म्हणजे पाणी?"

"आणि पाणी म्हणजे जिन," दुसरी म्हणाली.

"तेही तीन तीनदा. साक्षीदारांसमोर."

"अरे देवा, हा तर आता जन्मभर उलटं बोलणार."

"मग काळजी कसली?" फोसुआ म्हणाली. "घाला संसदेत!"

लोक हसून लोळायला लागले. सेरवा मात्र रडायला लागली. बाळंतिणीचं रडणं, त्यातून पहिलं मूल. ती नाना ड्वोमोंच्या पायाशी जाऊन बसली. "नाना, माझा मुलगा खोटारडा निघेल का हो?"

नानांनी काठीवर हनुवटी टेकली. त्यांचा चेहरा अगदी लहान झाला होता. "ऐंशी नव्वद मुलांना नावं दिली मी," ते म्हणाले. "कधी चूक नाही झाली. पोरी, पाणी असं दिसतं हे मला कुणी सांगायला नको का?"

बाफोरकडे कुणी पाहत नव्हतं. म्हणजे सगळेच पाहत होते, पण तसं दाखवत नव्हते.

नानांनी निकाल दिला. चुकीचा शब्द पुसता येत नाही, पण त्याच्यावर खरा शब्द ठेवता येतो. मात्र ऊन डोक्यावर यायच्या आत. नाही तर पुढच्या बुधवारी, आणि तोवर मूल बिननावाचं. पाणी गावचंच पाहिजे. आणि आंधळ्यालाही पाणी वाटेल असं पाहिजे.

"आणि तोवर जेवण?" मागून कुणीतरी विचारलं.

"बिननावाच्या मुलाचं जेवण जेवतात का रे?" नाना कडाडले. पाहुणे खाली बसले. सुपाचा वास सगळ्या अंगणात पसरला होता. उपास ज्यांना सवयीचा असतो त्यांना त्याचं काही वाटत नाही, पण बाकीच्यांचे हाल पाहवत नव्हते.

बाफोर गाडीत बसून निघाला. कुठे कुठे फिरला ते त्याच्या ड्रायव्हरनं नंतर सगळ्यांना रंगवून सांगितलं. आधी शाळेतल्या हातपंपावर गेला, दांडा खालीवर करकरला, आतून वारा आला. गावप्रमुखाच्या वाड्यातल्या नळावर गेला, तिथे नळाच्या तोंडात पालीनं अंडी घातली होती. शेजारच्या गावच्या ओढ्यावर गेला, तिथे त्याचाच एक दोस्त पंप लावून बसला होता, त्यानं लांबूनच हात केला, "ये ये, अभिनंदन!" शेवटी पार तालुक्याच्या पाणी केंद्रावर गेला. पहारेकऱ्यानं त्याला हौद दाखवला. काठोकाठ लाल चिखल. "घ्या की साहेब," तो म्हणाला, "तुम्हीच पाठवलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! कळसा कुठे आहे हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मी बाळाचे तळवे चोळत बसले होते. खरं सांगायचं तर मनात जरा गुदगुल्या होत होत्या, आणि त्याबद्दल मी देवाची क्षमा मागत होते. दोन्ही एकदमच चाललं होतं.

बाफोर रिकाम्या हातानं परत आला आणि गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. सेरवा उठली. रडणं थांबलं होतं तिचं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"तुझी मावशी इथे बसलीय," ती म्हणाली. "तिला विचारायला तुझी जीभ झडते का?"

"सेरवा, सगळ्यांसमोर नको..."

"का? सगळ्यांसमोरच तर माझ्या मुलाला जिन पाजलीत! ताकाला जाऊन भांडं लपवतोस कशाला? ऐक, मला अजून चार मुलं हवीत. शुक्रवारी तू तो झरा खणलास, की त्या चौघांच्या जिभेवर काय ठेवायचं ते आत्ताच सांग. सोन्याची वाळू?"

"चार?" बाफोर म्हणाला.

"पाच. आणखी बोलशील तर सहा."

बाफोर माझ्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी काही फोडून आला की बसायचा, अगदी तसा. "मावशी, थोडं पाणी देशील?"

"मागायला लागतं का रे," मी म्हणाले. "चल. पण पायी. झऱ्याकडे गाडीनं जात नाहीत."

आम्ही दोघं बागेतून गेलो. ऊन चढत होतं. तो पुढे, भोपळ्याची वाटी हातात. खुंट्या आल्या तेव्हा त्यानं लाल फितीवरून टांग टाकली, इकडे तिकडे पाहत, चोरासारखा. आणि मग थबकला.

झऱ्याच्या डबक्यात पोकलेनचा चालक उभा होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात, शीळ घालत, ग्रीसनं माखलेले बूट धूत होता. पाण्यावर तेलाचे रंग पसरले होते.

"ए!" बाफोर एवढ्या जोरात ओरडला की मीच दचकले. "बाहेर हो! पाणी आहे ते! पिण्याचं पाणी आहे! घरी आईच्या माठात पाय घालतोस का?"

चालक बूट हातात घेऊन बाहेर आला, बिचारा गोंधळून गेला होता. "पण साहेब, परवा तर आपण इथे..."

"तू जा."

"नाही, म्हणजे खणायचंच आहे तर..."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. पाणी ढवळलं होतं, मातकट झालं होतं. बाफोरनं वाटी बुडवायला हात पुढे केला.

"थांब," मी म्हणाले. "निवळू दे."

"किती वेळ लागेल?"

"ते मला कसं माहीत? आजवर कुणी ढवळलं नव्हतं."

मग आम्ही दगडावर बसलो. तेल हळूहळू काठाकडून वाहून चाललं होतं. बाफोर सूर्याकडे बघे, पाण्याकडे बघे, घड्याळाकडे बघे. नदीवर तो दिवसाला डोंगर हलवतो. इथे त्याला एक वाटी भरेपर्यंत नुसतं बसायचं होतं, आणि ते त्याला येत नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "तू रागावलीस तर बरं होईल गं."

"मला नाही येत."

"खाली सोनं आहे, हे मात्र खरं आहे. मी खोटं नाही बोलत."

"असेल की. मी कुठे नाही म्हणते?"

"मग?"

"ते कुठे जाणार आहे? माझ्या आजीच्या वेळीही होतं. तिनंही याच दगडावर बसून पाणी भरलं आणि सोन्याला खाली झोपू दिलं. तिला कानात घालायला पितळेच्या बाळ्या होत्या. पण बारा मुलांना इथलंच पाणी पाजलं."

तो जरा हसला. "बारा? हे सेरवाला सांगू नकोस."

"तू कसा वागतोस त्यावर आहे," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. आयुष्यात मी कुणाला धमकी दिली असेल तर ती एवढीच.

पाणी निवळलं. तळाचा एक पांढरा खडा दिसला, मग दुसरा. तेव्हा त्यानं वाटी भरली. आमच्याकडे झऱ्यातून घेताना कुणासाठी नेतोय ते मोठ्यानं सांगायचं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि अडला. मुलाला नाव कुठे होतं?

"माझ्यासाठी," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे, माझ्या पोरासाठी. पण चूक माझी होती, म्हणून माझ्यासाठी."

परत जाताना त्यानं वाटी दोन्ही हातांत धरली होती आणि सगळी वाट पावलाकडे पाहत चालला. एक थेंब सांडला नाही.

सावल्या पायाशी आल्या होत्या. नाना आता कुणावरही विश्वास ठेवायला तयार नव्हते. नाक गेलं तरी जीभ शाबूत आहे, असं म्हणून त्यांनी दोन्ही वाट्या आधी स्वतः चाखल्या. पाण्याची एकदा चाखली. जिनची खात्री पटायला चार वेळा चाखावी लागली.

"ही दारू," त्यांनी जाहीर केलं. "अगदी नक्की दारू."

मग झऱ्याचं पाणी बाळाच्या जिभेवर ठेवलं. तीन वेळा. बाळ रडलंही नाही, हसलंही नाही. जिनचा थेंब पडल्यावर त्यानं असं तोंड वाकडं केलं की फोसुआ ओरडली, "कळलं! पोराला कळलं!" आणि नानांनी नाव पुकारलं, क्वाकू आदोमाको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पातेल्यांकडे धाव घेतली.

बाफोर मात्र खुंट्यांबद्दल काही बोलला नाही. कागद त्याच्याच खिशात होता. मीही विचारलं नाही. गुरुवारी भूमाता विसावली होती, त्यामुळे कुणी काही ठोकायचं नाही की उपटायचं नाही. तो दिवस मला फार मोठा गेला. बागेच्या कडेला ते पिवळं यंत्र उभंच होतं. मी प्रार्थनेला बसले की ते डोळ्यांपुढे यायचं, आणि प्रार्थनेतले शब्द मागेपुढे व्हायचे.

शुक्रवारी पहाटे धडधड ऐकू आली. मी घडा तसाच टाकून अनवाणी धावले. या वयात धावणं शोभत नाही, पण धावले.

पोकलेन चालू होतं. चाललं होतं ते उलट्या दिशेला, रस्त्याकडे, कोकोची दोन रोपं चिरडत. झऱ्यापाशी बाफोर गुडघ्यांवर बसून एकेक खुंटी हलवून हलवून उपटत होता. घामानं निथळला होता. "कुणी एवढ्या खोल ठोकल्या?" असं स्वतःशीच पुटपुटत होता.

"तूच सांगितलं होतंस," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. "नदीवरचे खड्डे मी बंद करणार नाही मावशी. आधीच सांगतो. तेवढी अपेक्षा करू नकोस."

"मी कुठे काही म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस, तेच तर!" तो म्हणाला आणि पुढच्या खुंटीला लागला.

दुपारी मी सेरवाकडे गेले तेव्हा ती चुलीवर बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवत होती. चुलीत लाल फितीसकट खुंट्या जळत होत्या.

"लाकूड चांगलं आहे मावशी," ती म्हणाली. "जराही धूर करत नाही."